ब्लाऊजवर घालायचे जुने पिनाफोर : ओळख, बेतणी आणि वापर

रानजाई (धागाकर्ती)

बाह्या नसलेला, गळा खोल आणि मुंढा (बाही जोडायची, हात बाहेर काढायची जागा) खाली उतरवलेला, आत ब्लाऊज घातल्याशिवाय पुरा न होणारा जो ड्रेस इंग्लंडमध्ये पिनाफोर आणि अमेरिकेत जंपर या नावाने विकला जात असे, त्याच्या साधारण 1940 ते 1975 या काळातल्या नमुन्यांविषयी येथे सविस्तर बोलावे, अशी इच्छा आहे. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून आणि संकेतस्थळांवरून हे ड्रेस आता आपल्याकडेही पोहोचतात, त्यांचे फोटो दाखवून नवे शिवूनही घेतले जातात. मात्र शिवणारा आणि शिवून घेणारी असे दोघेही त्याला बिनबाह्यांचा फ्रॉक समजतात आणि मग आत ब्लाऊज घातला की काखेत कापड गोळा होते, खांदा वर चढतो, हात पुढे नेताना पाठ ताणली जाते. दोष अशा वेळी ब्लाऊजचा नसतो. मुंढा आतल्या बाहीचा विचार करून कापलेला नसतो, एवढेच त्याचे कारण असते.

हा कपडा असा का घडला, हे कळले की त्याची बेतणीही कळते. लोकर, सर्ज, ट्वीड, फ्लॅनेल, कॉर्डरॉय ही कापडे दररोज धुण्याची नव्हेत. घाम लागतो तो काखेत, मानेशी आणि मनगटाशी. त्या तिन्ही जागा धुता येण्याजोग्या सुती ब्लाऊजकडे सोपवल्या आणि वरच्या जड कपड्याला अंगाचा स्पर्शच होऊ दिला नाही, तर तो नुसता झटकून, ब्रश मारून आठवडेच्या आठवडे वापरता येतो. म्हणूनच गळा खोल आहे आणि मुंढा उतरता आहे. हे दोन्ही शोभेसाठी केलेले नाही. शोभा त्यातून आपोआप आली.

महायुद्धाच्या काळात या हिशेबाला फार महत्त्व आले. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि पहिल्या वर्षी माणशी 66 कूपने मिळाली. लोकरीच्या ड्रेसला 11 कूपने लागत, ब्लाऊजला 5. म्हणजे हाती एक पिनाफोर असेल, तर दुसरा ब्लाऊज घेऊन निम्म्याहून कमी कूपनांत वेगळा दिसणारा पोशाख तयार होत असे. शिवाय जुना ड्रेस सर्वांत आधी काखेत आणि कोपरावर विरतो. बाह्या काढून टाकायच्या, मुंढ्याचा विरलेला भाग कापून तो खाली उतरवायचा, गळा खोल करायचा आणि कडेला तिरपी पट्टी लावायची, की त्याच ड्रेसचा पिनाफोर होई. आज हाती येणारे त्या काळातले काही नमुने असे घरी रूपांतरित केलेले असतात आणि आतून पाहिले की मूळ बाहीच्या शिलाईच्या खुणा सापडतात. मला स्वतःला दुकानातून तयार आलेल्या नगापेक्षा असा नग अधिक मोलाचा वाटतो.

अमेरिकेत फॅशन डिझायनर क्लेअर मॅकार्डेल यांनी 1942 साली ‘पॉपओव्हर’ नावाचा ड्रेस काढला. घरकामाला माणसे मिळेनाशी झाल्यावर स्वतः स्वयंपाकघरात उभ्या राहिलेल्या स्त्रियांसाठी काही तरी करा, असे ‘हार्पर्स बझार’ मासिकाने सुचवल्यावरून तो तयार झाला. डेनिमचा, पुढून गुंडाळून बांधायचा, दुसऱ्या कपड्यांवरही चढवता येणारा हा ड्रेस 6.95 डॉलरना विकला गेला आणि त्याला भांडे धरायचा एक जाड हातमोजाही जोडलेला होता. काटेकोरपणे पाहिले तर तो पिनाफोर नव्हे, कारण त्याला बाह्या आहेत. पण वर चढवण्यासाठी मुद्दाम सैल बेतलेला कपडा घराबाहेरही मानाने घालता येतो, हे त्याने दाखवून दिले, म्हणून त्याचा उल्लेख टाळता येत नाही.

पुढे डिझायनर मेरी क्वांट यांनी लंडनच्या किंग्ज रोडवर 1955 साली ‘बझार’ हे दुकान काढले आणि शाळकरी मुलींच्या गणवेशाची आठवण करून देणारे पिनाफोर पुरुषांच्या सुटाच्या कापडात शिवून विकले. साठच्या दशकात फ्रेंच डिझायनर पिएर कार्डँ यांनी आत अंगाबरोबर बसणारा उंच गळ्याचा स्वेटर आणि वर ताठ, कमरेशी न आवळलेला आखूड पिनाफोर अशी जोडी रूढ केली. सत्तरच्या दशकात लॉरा ॲशली यांच्या बारीक फुलांच्या सुती कपड्यांमुळे लांब, चुणीदार, एप्रनच्या वळणाचे पिनाफोर परत आले.

आता ओळखायचे कसे, ते सांगते. ड्रेस टेबलावर सपाट पसरावा आणि खांद्याच्या शिलाईपासून मुंढ्याच्या तळापर्यंत सरळ रेषेत माप घ्यावे. त्याच मापाच्या साध्या बिनबाह्यांच्या ड्रेसपेक्षा ते एक ते दीड इंच अधिक भरले, तर तो ब्लाऊजवर घालण्यासाठीच बेतलेला आहे, असे समजायला हरकत नाही. खांद्याची पट्टी अरुंद असते, म्हणजे ब्लाऊजच्या बाहीचा जोड तिच्या बाहेर मोकळा राहतो. गळा चौकोनी, यू किंवा व्ही आकाराचा असून त्याची कड कॉलरच्या टोकांच्या खाली राहते. छातीत दोनेक इंच जास्तीची ढिलाई असते. अस्तर असेल तर ते गुळगुळीत असते, कारण खरखरीत अस्तराला सुती ब्लाऊज चिकटतो आणि चालताना वर सरकतो.

ज्यांच्याकडे असे ड्रेस आहेत, ज्यांनी शिवले आहेत किंवा शाळेत वापरले आहेत, त्यांनी अवश्य लिहावे. माझ्या मते साडीवरचा ब्लाऊज यात चालत नाही, तो फार आखूड पडतो. या बाबतीतही अनुभवी व्यक्तींचे मत हवे आहे.

निवृत्त_शिक्षिका

रानजाई, धागा आवडला. शाळेतल्या ट्यूनिकचा इतिहास या विषयाला जोडलेलाच आहे, म्हणून तो थोडक्यात मांडते. मार्टिना बर्गमन-ऑस्टरबर्ग या स्वीडिश बाईंनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात 1885 साली मुलींना व्यायामशिक्षिका होण्याचे शिक्षण देणारे महाविद्यालय काढले आणि 1895 मध्ये ते डार्टफर्डला नेले. तिथल्या मेरी टेट या विद्यार्थिनीला जिमस्लिपच्या, म्हणजे याच ट्यूनिकच्या, रचनेचे श्रेय दिले जाते. ज्या काळी मुली कॉर्सेट आणि पायघोळ घागऱ्यात वावरत होत्या, त्या काळी योकपासून (खांद्यालगतच्या वरच्या पट्टीपासून) सरळ खाली सोडलेल्या बॉक्स प्लेट्स (रुंद दुहेरी चुण्या), कमरेला सैल पट्टा आणि आत ब्लाऊज, एवढ्याच सरंजामावर मुलींना धावता आणि दोरावर चढता येऊ लागले. व्यायामासाठी जन्मलेला हा कपडा हळूहळू पूर्ण वेळचा गणवेश झाला आणि मिशनऱ्यांच्या शाळांबरोबर आपल्याकडे आला.

आपल्याकडे सर्जची जागा सुती कापडाने आणि नंतर टेरिकॉटने घेतली. पुष्कळ मराठी शाळांतून त्याला ‘पिनो’ म्हणत. पालक मुद्दाम मोठ्या मापाचा शिवून घेत आणि खाली तीन-चार इंचांची दुमड ठेवत. दरवर्षी जूनमध्ये ती थोडी उसवून लांबी वाढवली जाई. दुमडीच्या जागी कापड कमी विटलेले असल्याने गडद निळा पट्टा दिसत राही, आणि वर्गात उभ्या असलेल्या मुलीच्या पिनोवरचे ते पट्टे पाहून तिचे किती वर्षांचे शिक्षण त्या एका कपड्यात झाले आहे, ते कळत असे. जुन्या पिनाफोरची लांबी तपासताना हीच खूण पाहावी. दुमड एकदा उसवलेली असेल, तर मूळ लांबीची रेषा कापडावर हमखास सापडते.

टाकेदोरे

मी बायकांचे कपडे शिवण्याचा व्यवसाय करते, त्यामुळे बेतणीबद्दल दोन शब्द लिहिते. मुंढा उतरवायचा म्हणजे तो नुसता खाली खणायचा, असे केले तर काम बिघडते. तळाशी एक इंच उतरवला, तर बाजूची शिलाईही पाव ते अर्धा इंच बाहेर न्यावी लागते. नाही तर छातीशी घेर कमी पडतो आणि पुढच्या बाजूला मुंढा तोंड उघडतो. पुढच्या मुंढ्याला जास्त खोली आणि मागच्याला कमी, हा नेहमीचा नियम येथेही पाळावा, कारण हात पुढे नेताना पाठीला कापड लागते. उघडणाऱ्या मुंढ्यावर उपाय म्हणून तिरपी पट्टी किंचित ताणून लावावी आणि मग वाफेच्या इस्त्रीने बसवावी.

माप घेताना गिऱ्हाइकाने तोच ब्लाऊज अंगात घालून यावे, असा माझा आग्रह असतो. कुर्त्यावरून किंवा टी-शर्टवरून घेतलेल्या मापाचा येथे काहीही उपयोग होत नाही. ब्लाऊजची बाही वर फुग्याची असेल, तर अरुंद खांद्याच्या पिनाफोरखाली ती दबत नाही आणि शोभते. पिनाफोरचा खांदा रुंद असेल, तर मात्र बाही वर साधी, चुण्यांविना असावी आणि फुगा हवाच असल्यास तो मनगटाशी ठेवावा.

साडीच्या ब्लाऊजबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. अडचण त्याच्या लांबीची नाही, गळ्याची आहे. आपले ब्लाऊज पुढून आणि विशेषतः पाठीमागून इतके खोल असतात, की पिनाफोरची कड थेट कातडीला लागते आणि घामापासून वरचा कपडा वाचवण्याचा मूळ हेतूच उरत नाही. बंद गळ्याचा किंवा कॉलरचा, कोपरापर्यंत बाहीचा जुन्या पद्धतीचा ब्लाऊज असेल, तर तो उत्तम चालतो. कमरेत घट्ट बसणाऱ्या पिनाफोरखाली लांब ब्लाऊजच्या टोकांची गुंडाळी होते, ती आखूड ब्लाऊजमुळे टळते.

थेम्सकाठ

टाकेदोरे यांच्या मुद्द्याला बाहेरून बळकटी मिळते. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातल्या डिर्न्डल पोशाखात अंगाबरोबर बसणारी बिनबाह्यांची चोळीवजा कंचुकी आणि घेरदार घागरा एकत्र शिवलेला असतो, त्यावर एप्रन येतो आणि आत घालायचा पांढरा ब्लाऊज बहुतेक वेळा छातीखालीच संपतो. कमरेशी कापडाचा एकही जादा थर नको, हाच त्यामागचा विचार आहे. रशियातला साराफान याच्या अगदी उलट आहे. तो खांद्यापासून सैल सुटतो, म्हणून आतला रुबाखा (सदरा) चांगला लांब असतो आणि त्याच्या भरतकाम केलेल्या बाह्या हे सगळ्या पोशाखाचे वैभव असते. रशियाचा झार पहिला पीटर याने युरोपीय पोशाखाची सक्ती केल्यावर उच्चकुलीन घरांतून साराफान मागे पडला, शेतकरी स्त्रियांनी तो टिकवून धरला. थोडक्यात, वरचा कपडा कमरेत आवळलेला की सैल, यावर आतल्या ब्लाऊजची लांबी ठरवावी.

मी इंग्लंडमध्ये राहते. येथील धर्मादाय दुकानांत सत्तरच्या दशकातले कॉर्डरॉयचे पिनाफोर अजून दिसतात, चाळीसच्या दशकातले फारच क्वचित. त्या काळातल्या नगावर दोन ‘सी’ आणि 41 हा आकडा असलेला शिक्का आढळला, तर तो सरकारी युटिलिटी योजनेतला, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या काटकसरीच्या नमुन्याचा आहे. ही योजना 1941 पासून 1952 पर्यंत चालली, म्हणजे रेशनिंग 1949 मध्ये उठल्यानंतरही हा शिक्का छापला जात होता. केवळ शिक्क्यावरून कपडा युद्धकाळातला आहे, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नये.

कापूसवात

काळ ओळखण्यासाठी आणखी काही खुणा आहेत का? माझ्याकडे एका नातेवाईक बाईंनी अमेरिकेतून आणलेला, हिरव्या-निळ्या चौकड्यांचा लोकरी पिनाफोर आहे. डाव्या कुशीत धातूची चेन आहे आणि धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी कुठेही नाही. त्याच्याबरोबर पेपर पॅटर्नचे एक पाकीटही आले आहे. त्यावर माप 14 लिहिले आहे आणि छाती 32 इंच दाखवली आहे. माझे नेहमीचे माप 10 असून छाती 34 आहे, त्यामुळे मी गोंधळले आहे.

रानजाई

कापूसवात, पाकिटाने तुमचे निम्मे काम केले आहे. अमेरिकन पॅटर्नमध्ये 1956 च्या आधी माप 14 म्हणजे छाती 32 इंच असे. 1956 नंतर त्याच 14 ची छाती 34 झाली आणि 1968 च्या सुमारास आलेल्या नव्या मापांत ती 36 झाली. म्हणजे तुमचे पाकीट 1956 पूर्वीचे आहे. जुन्या पॅटर्नच्या बाबतीत म्हणूनच मापाचा आकडा सोडून द्यावा आणि छापलेल्या छातीच्या इंचांकडे पाहावे. तुम्हाला पाकिटावर 34 छाती लिहिलेला पॅटर्न लागेल, म्हणजे त्या काळचे माप 16.

कुशीतली धातूची चेन ही चाळीस-पन्नासच्या दशकांतली सामान्य रीत होती. पुढे चेन पाठीच्या मध्यावर गेली आणि साठच्या दशकात नायलॉनची आली. अमेरिकेत कपड्यावर धुण्याच्या सूचना कायमच्या लावण्याचा नियम 1972 पासून अमलात आला, त्यामुळे चिठ्ठी नसणे हेही जुनेपणाशी जुळते. मात्र यांतली एकेकटी खूण पुरेशी मानू नये. चेन नंतर बदलता येते, चिठ्ठी कापून टाकता येते, आणि घरी शिवलेल्या ड्रेसला चिठ्ठी मुळातच नसते. तुमचा ड्रेस त्याच पॅटर्नवरून घरी शिवलेला असण्याचा बराच संभव आहे. पाकिटावरच्या चित्रातल्या शिलाईच्या रेषा ड्रेसवर जुळतात का, ते पाहा. त्या काळात पिनाफोर आणि ब्लाऊज यांचे पॅटर्न एकाच पाकिटात देत असत. ब्लाऊजचे तुकडे आत असतील, तर ते मोठे करून आधी ब्लाऊज शिवावा. तो त्या पिनाफोरच्या मुंढ्याशी जुळवूनच काढलेला असतो.

टाकेदोरे आणि थेम्सकाठ, ब्लाऊजच्या लांबीबद्दलचे माझे म्हणणे मागे घेते. ते सैल पिनाफोरपुरते खरे आहे.

कापूसवात

आभार. पाकिटात ब्लाऊजचे तुकडे आहेत, गोल कॉलर आणि मनगटाशी पट्टी असलेली बाही. ड्रेसच्या शिलाईच्या रेषाही जुळल्या. पण 32 छातीचा हा ड्रेस मला बसणार नाही. बाजूच्या शिलाया उसवून, आत पट्टी घालून तो मोठा करावा का?

टाकेदोरे

माझे स्पष्ट मत, करू नये. चौकड्यांच्या लोकरी कापडात वेगळ्या कापडाची पट्टी लपत नाही, चौकडी जुळत नाहीत, आणि जुन्या शिलाया उसवल्या की दोऱ्याच्या भोकांच्या रांगा राहतात. शिलाईत आत किती कापड सोडले आहे, ते पाहा. दोन्ही बाजूंना इंच-इंच असेल तरच विचार करता येईल. नसेल, तर ड्रेस आहे तसा ठेवून त्याची नक्कल शिवणे चांगले. जुना कपडा न उसवता त्याच्यावरून माप घेता येते. एकेक भाग पातळ मलमलीखाली सपाट पसरून टाचण्या लावाव्यात, शिलाईच्या रेषेवर पेन्सिल फिरवावी आणि मग कागदावर उतरवून हवी तेवढी वाढ करावी.

थेम्सकाठ

एक भर घालते. 32 छातीच्या कुणा नातीला किंवा भाचीला तो देता येत असेल, तर तोही विचार करावा. हा कपडा पेटीत पडून राहण्यासाठी शिवलेला नाही.

निवृत्त_शिक्षिका

तोवर त्याची निगा मात्र राखावी लागेल. आपल्या दमट हवेत लोकरीला कसर फार लवकर लागते. नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबू नये, त्या कापडाला टेकूनही ठेवू नयेत. आणल्यावर ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पूर्ण तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाही तर कापडावर पाणी धरते. नंतर धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावा. सर्जला इस्त्री उलट्या बाजूने आणि ओल्या कापडावरून करावी. थेट इस्त्री केली की बसायच्या जागी आणि प्लेट्सच्या कडांवर जी चकाकी येते, ती जात नाही.

सह्यवारा

मुंबईच्या उन्हात दोन थर घालणे मला अवघड वाटते. फोटोंत हे कपडे देखणे दिसतात; पण लोकलच्या गर्दीत ते कसे चालणार? आपल्याकडे या कपड्याला खरेच जागा आहे का?

रानजाई

सह्यवारा, प्रश्न रास्त आहे. लोकरीच्या नमुन्याला मुंबईत जागा नाही. पुणे-नाशिकच्या थंडीत थोडीफार आहे. पण बेतणी कापडावर अवलंबून नाही. सत्तरच्या दशकातले सुती पिनाफोर अस्तराविना शिवलेले असत आणि त्यांची नक्कल खादीत, लिननमध्ये, जाड हातमागाच्या सुतीत उत्तम होते. आत मलमलीचा किंवा व्हॉइलचा ब्लाऊज घ्यावा. उतरता मुंढा येथे आणखी एक काम करतो. काखेत वरचे कापड नसल्याने तिथे प्रत्यक्षात एकच थर राहतो आणि हवा खेळते. बाहीच्या घट्ट ड्रेसपेक्षा हा पोशाख उन्हात सुसह्य होतो, असे मी अनुभवाने म्हणते. कमरेशी आवळलेला नमुना मात्र घेऊ नये. खांद्यापासून ए आकारात सुटणारा घ्यावा.

टाकेदोरे

खणाचे पिनाफोर हल्ली बरेच शिवून मागितले जातात, म्हणून त्याबद्दल सांगते. खणाचा पना लहान असतो आणि काठ दोन्ही बाजूंना असतात. ए आकाराचा घेर एका पन्यात निघत नाही, जोड द्यावा लागतो. तो जोड पुढच्या मध्यावर किंवा बाजूच्या पट्ट्यांत उभा द्यावा आणि काठ खालच्या घेराला वेगळा लावावा. खण चोळीसाठी विणलेला असल्यामुळे अंगाबरोबर छान बसतो, पण खोल मुंढ्याच्या वळणावर त्याचे धागे सुटतात. कापल्याबरोबर मुंढ्याच्या कडेने धावदोरा घालून घ्यावा, मग पुढचे काम करावे. आतून पूर्ण अस्तर न देता फक्त छातीपर्यंत मलमलीचे अस्तर पुरते.

सह्यवारा

मग मी गडद निळ्या खादीचा, ए आकाराचा, चौकोनी गळ्याचा करून घेते. ब्लाऊज माझ्याकडे पांढरा, गोल कॉलरचा आणि कोपरापर्यंत बाहीचा आहे. मुंढा किती उतरवायला सांगू?

टाकेदोरे

आधी खादी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या, कारण ती आटते. मग तो ब्लाऊज घालूनच माप द्यायला जा. काखेच्या तळापासून एक इंच खाली खूण करायला सांगा, त्याहून जास्त नको. कोपरापर्यंतच्या सुती बाहीला तेवढे पुरते, आणि खादी वापरात सैलावते. गळ्याची कड कॉलरच्या टोकांच्या अर्धा इंच खाली ठेवा. पहिली फिटिंग कच्च्या टाक्यांवर घ्या आणि आरशासमोर उभे राहून दोन्ही हात लोकलची कडी धरल्यासारखे वर करा. ब्लाऊज पिनाफोरमधून सरकला नाही आणि खांदा वर उचलला गेला नाही, तर पक्की शिलाई मारायला सांगा.